मागच्या दारानं गेलेलं तपेलं

कुंभकोणम्
४ ऑगस्ट २०२४

सौ. वन्सं यांस,

भारतीचा नमस्कार. फोन तुम्ही घेत नाही, म्हणून पत्र. पत्र परत पाठवायचं तर पोस्टमनशी चार शब्द बोलावे लागतात, आणि तेवढा त्रास तुम्ही घेणार नाही हे मला ठाऊक आहे.

नित्याचं लग्न ठरल्याचं तिनंच मला कळवलं. "मामी, मी फोन केला हे आईला सांगू नकोस," म्हणाली. सांगत नाही म्हटलं आणि पहिल्याच परिच्छेदात सांगून बसले. तिला बोलू नका. पोरगी गुणाची आहे, तुमच्यावर गेलेली नाही. आता रागावलात तर रागवा. इतकी वर्षं तुमच्याशी भांडायचं राहिलंय, ते कुठंतरी बाहेर पडणारच.

लिहायला बसले ते दुकानाचं लिहायला. सध्या आडी महिना, म्हणजे लग्नं नाहीत, म्हणजे पुढच्या खोलीचं कुलूप काढायचं कारण नाही. पण खरं सांगू का, पुढच्या खोलीला आता बाराही महिने आडीच असतो. मंडपवाले हल्ली सगळं एकाच बिलात देतात. हॉल, जेवण, स्टीलची भांडी, पानसुपारी, सनई, अगदी आहेराच्या पिशव्यासुद्धा. पितळी भांडी भाड्यानं न्यायला कोण येणार आपल्याकडे? नेली तर घासायची कुणी, त्यांना कल्हई करायची कुणी? बाजारातला शेवटचा कल्हईवाला आता रिक्षा चालवतो. कोपऱ्यावरचा कॉफीपूडवाला होता ना, ज्याच्याकडे तुम्ही लहानपणी दाणे भाजायचा वास घ्यायला उभ्या राहायचात, तिथं मोबाइल दुरुस्तीचं दुकान झालंय. भांड्यावर नावं कोरणारा आहे अजून, पण यंत्रानं कोरतो, आणि जास्त करून कुत्र्यांच्या पट्ट्यावर.

चालते ती मागची खोली. नाक मुरडू नका. दुकान तिच्यावर चाललंय आणि मीही. गावात म्हातारी माणसं उरलीत, पोरं अमेरिकेत नाहीतर चेन्नईत. माणूस गेलं की तेराव्याचं जेवण घालावंच लागतं, आणि ते मंडपात घालत नाहीत. मग मागच्या गल्लीतून टेम्पो येतो, निळा रंग लावलेली भांडी जातात आणि निळीच परत येतात. नियम मी कधी मोडलेला नाही, वन्सं. मागचं भांडं पुढं आलेलं नाही. मयताला गेलेलं भांडं लग्नाला जात नाही एवढं मिरजेहून आलेल्या मलाही समजतं.

तुम्ही त्या वर्षी आलात, मागचं दार बघितलंत, निळ्या रंगाचा डबा बघितलात आणि घोटभर पाणीसुद्धा न घेता स्टेशनवर गेलात. "आईच्या दुकानाचं मसण केलंस," म्हणालात. ते ऐकून घेतलं. उत्तर तेव्हा दिलं नाही, कारण तुमच्या अण्णांना, माझ्या यजमानांना, जाऊन वर्षच झालं होतं आणि माझ्यात भांडायचं बळ नव्हतं. आता देते. तुमच्या अण्णांच्या तेराव्याला मी दुसऱ्याच्या दारात उभी राहिले होते. जन्मभर गावाला भांडी पुरवणाऱ्या माणसाच्या तेराव्याला भांडी उसनी, कारण सासूबाईंच्या नियमानं आपल्या दुकानातली एक पळीसुद्धा मयताला द्यायची नाही. त्यानं दिलेल्या पातेल्याची कल्हई उडालेली होती. कढी कळकली. लोकांनी गिळली. तुम्हीसुद्धा त्या कढीचा एक घास घेतलात आणि बाकीची पानात तशीच ठेवलीत, मी बघितलं. माणसाच्या नावानं वाढलेलं शेवटचं जेवण कळकलेलं. ते माझ्या डोक्यातून जात नाही. म्हणून मागची खोली काढली. पैशासाठी पण काढली, खोटं कशाला बोलू.

आता मुद्दा. तिरुवलंचुळीच्या पुढं नदीकाठी एक रिसॉर्ट होतंय. त्यांचा माणूस येऊन गेला. त्याला पुढच्या खोलीतलं सगळं पाहिजे, शोभेला. दारात ठेवून त्यात पाणी भरणार आणि फुलं सोडणार. मी दमलेय, वन्सं. गुडघे बोलतात, दुकानातल्या आपल्या मणीची तर पाठच वाकलीय. सगळं देऊन टाकावं असं वाटतं. फक्त सासूबाईंचं मोठं तपेलं, ज्याच्या काठावर तमिळ अक्षरांत त्यांचं नाव 'अंबाबाई' कोरलंय, त्याचं काय करू ते तुम्ही सांगा. तुमच्या लग्नाचा भात त्यात शिजला, माझ्याही. ते माझ्या एकटीचं नाही. नित्याच्या लग्नाला न्यायचं असेल तर ठेवते. नको असेल तर तसं कळवा, म्हणजे फुलं तरी तरंगू देत.

भारती

*

२० ऑक्टोबर

सौ. वन्सं,

अडीच महिने वाट बघितली. रिसॉर्टवाला टेप घेऊन येऊन गेला, सगळ्या भांड्यांची मापं घेतली, आणि मोठ्या तपेल्यापाशी आला तेव्हा मणी त्याच्यात आणि तपेल्यात जाऊन उभा राहिला. काठाला हात टेकून तसाच उभा राहिला. मी म्हटलं, हे सोडून बाकीचं लिहून घ्या.

मणी नंतर चहा पिताना सांगत होता. लग्नाहून भांडी परत यायची तेव्हा हातगाडीवर सगळ्यात वर हे तपेलं असायचं, आणि तुम्ही मंडपातूनच हट्ट करून त्यात बसायचात. मोठ्या वीथीतून घरापर्यंत. काठाला दोन्ही हातांनी धरून, फक्त डोकं वर. वाटेत पानवाले, फुलवाल्या, सगळे हाका मारायचे, "काय ग, तुला पण भाड्यानं दिलं काय?" सासूबाई दारात वाट बघत असायच्या आणि मणीला ओरडायच्या, तुम्हाला नाही. हे सगळं तो तमिळमध्ये सांगत होता आणि हसत होता, दात उरलेत चार. मी एवढी वर्षं या घरात आहे, मला हे कधी कुणी सांगितलं नव्हतं.

आता मला जे बाजारातून कळलं ते लिहिते. नित्याचं सासर इथलंच, हे तिनं सांगितलं होतं. पण लग्नही इथंच, फेब्रुवारीच्या सुरुवातीला, आणि जेवणाचं चंद्रमौलीला दिलंय, हे मला फुलवाल्यानं सांगितलं. चंद्रमौली म्हणजे तोच, जो तुमच्या अण्णांकडे भात गाळायला शिकला आणि आता चार मंडपांचं जेवण एकटा बघतो. पुण्याहून तुम्ही चंद्रमौलीशी बोललात, हॉलवाल्याशी बोललात, सनईवाल्याशी बोललात. आपल्या दुकानावरूनच त्या हॉलला वाट जाते. तुमच्या लेकीची वरात माझ्या दारावरून जाणार आणि मी कुठल्या खिडकीत उभी राहायचं ते पण फुलवाल्यालाच विचारू का?

लागलं मला. साधंसुधं नाही, खोलवर लागलं. लिहिते आहे कारण तोंडावर बोलले असते तर आवाज चढला असता.

तपेलं ठेवलंय. रिसॉर्टवाला दिवाळीनंतर बाकीचं न्यायला येईल असं म्हणाला होता, त्याला लग्न होईपर्यंत थांबवलंय. तुम्ही मागितलं नाहीत तरी ठेवलंय.

भारती

*

२ डिसेंबर

सौ. वन्सं,

तुमचं पत्र मिळालं. सात वर्षांनी तुमचं अक्षर बघितलं. बारीक झालंय, चष्म्याचा नंबर वाढलाय का? नित्यानं धाकदपटशा केल्याशिवाय तुम्ही लिहिलं नसणार, पण लिहिलंत.

वाचून आधी हसले आणि मग भांडी आपटली. म्हणजे आईचं तपेलं लेकीच्या लग्नात पाहिजे, भात त्यातच शिजला पाहिजे, पण ते माझ्या दारातून यायला नको. आधी गोविंदपुरम्‌ला विठ्ठलाच्या देवळात पाठवायचं, तिथल्या स्वयंपाकघरात एक दिवस त्यात प्रसाद शिजवायचा, आणि तिथून परस्पर मंडपात. मधे माझा उंबरठा नाही. म्हणजे तपेल्याला माझा विटाळ झाला, तो विठ्ठलानं धुवायचा. ते तपेलं मागच्या खोलीत पाऊलभर गेलेलं नाही, वन्सं. पुढच्या खोलीत कुलपात होतं. पण छप्पर तर एकच ना, असं तुम्ही म्हणणार. तुमच्या डोक्यात काय येतं ते मला पुण्याहून ऐकू येतं.

दोन दिवस ठरवत होते की नाही म्हणून कळवायचं. मग थकवा आला. नाही म्हणायला सुद्धा ताकद लागते. आणि देवळातले लोक चांगले आहेत, भजनाच्या सप्ताहाला आपलीच भांडी नेतात, विचारलं तर लगेच हो म्हणाले. तेव्हा होऊ दे तुमच्या मनासारखं. मार्गळी महिन्यातली भजनं आटोपली, पोंगल झाला की टेम्पोनं पाठवते. मी बरोबर जाणार नाही. मंडपातही येणार नाही, काळजी करू नका.

एक गोष्ट मात्र केली. कल्हई पार झिजली होती. तुमच्या लेकीच्या लग्नात भात कळकला असता, मग कुठल्या विठ्ठलानं निस्तरलं असतं? स्वामीमलैला मूर्ती ओतणाऱ्यांच्या गल्लीत एक म्हातारा अजून कल्हई करतो असं मणीला कळलं. मी म्हटलं टेम्पोवाल्याबरोबर पाठवू. मणी ऐकेना. स्वतः बरोबर गेला, दिवसभर तिथं बसून राहिला, संध्याकाळी घेऊन आला. आत बघा म्हणाला. आत माझा चेहरा दिसला, म्हातारा झालेला. त्यानंही वाकून बघितलं आणि म्हणाला, "पाप्पाच्या मुलीचा भात पांढराशुभ्र होणार." पाप्पा म्हणजे छकुली, म्हणजे तुम्ही. साठीला आलात तरी त्याच्या लेखी तुम्ही पाप्पाच.

त्याला खोकला झालाय. धुराचा असेल. घरी जा म्हटलं तर जात नाही.

भारती

*

५ जानेवारी २०२५

वन्सं,

मणी गेला. मार्गळी लागली आणि त्याच आठवड्यात. खोकला छातीत उतरला होता. सरकारी इस्पितळात नेलं, त्यांनी जे करायचं ते केलं. तिरुवलंचुळीला त्याच्या घरी, बायकोच्या, शिवकामीच्या हातचं पाणी पिऊन गेला. तुम्हाला तेव्हाच कळवायला हवं होतं. कळवलं नाही. लग्नघर, म्हटलं कशाला. आणि नंतर दुसरंही कारण झालं, ते पुढं येतंय.

काल त्याचं सोळाव्या दिवसाचं जेवण झालं, त्यांच्यात तेरावा नसतो, सोळावा असतो. चार दिवस आधी शिवकामी आली. मागच्या दारानंच आली, कारण पुढच्या दारानं यायची त्या दोघांना कधी सवयच नव्हती. तिला भात शिजवायला एक भांडं हवं होतं. भाडं देते म्हणाली. मी तिला मागच्या खोलीत घेऊन गेले. थंडीनं गावातली म्हातारी माणसं पानासारखी गळतायत, सगळी पितळी भांडी बाहेर गेलेली. ॲल्युमिनियमची दोन होती. बसक्या बुडाची, पोचे आलेली. चाललं असतं. ती म्हणालीच, हे चालेल अम्मा.

मी पुढची खोली उघडली आणि मोठं तपेलं बाहेर काढलं.

आता तुम्ही श्वास रोखला असेल, तर सोडा आणि वाचा. त्या माणसानं ते तपेलं जन्मभर चिंचेनं घासलं. प्रत्येक लग्नात वाहून नेलं, वाहून आणलं, आणि जेवला नेहमी सगळ्यात शेवटी, मंडपाच्या मागं उभ्या-उभ्या, बुडाशी राहिलेला खरडून. त्यातला पहिला वाफेचा भात त्याच्या पानात कधी पडला नाही. निदान त्याच्या नावाच्या पानात पडावा असं वाटलं. पोचा आलेल्या ॲल्युमिनियममध्ये मणीचं जेवण शिजवायचं आणि कल्हई केलेलं तपेलं कुलपात ठेवून पोंगलची वाट बघायची, हे माझ्याच्यानं झालं नाही.

रागानं केलं का? थोडं रागानं पण. तुमचं ते पत्र माझ्या उशाखाली होतं. मणीनं आयुष्यभर या घराचं केलं, आणि त्याला मागच्या दारानं यावं लागतं, आणि मलाही तुम्ही मागच्या दारची करून टाकलंत. त्या क्षणी मला दोन्ही एकच वाटलं. पण मुख्य ते नव्हतं. मुख्य मणी होता.

नियम मी पाळला. निळ्या रंगाचा डबा उघडला आणि कडीवर रंग लावला. 'अंबाबाई'च्या अक्षरांना लागू नये म्हणून जपून लावला, तरी 'अ'च्या कोपऱ्यात थोडा गेलाच. मग मागच्या गल्लीतून, टेम्पोत घालून, मी स्वतः बरोबर बसून तिरुवलंचुळीला घेऊन गेले. शिवकामी तपेल्याकडे बघून रडायला लागली आणि हे नको म्हणाली, तिला सगळं माहीत होतं. तिला म्हटलं, चूल पेटव.

म्हणजे आता ते गेलं. मागचं भांडं पुढं येत नाही. गोविंदपुरम्‌च्या लोकांना उद्या सांगते. नित्याच्या लग्नात चंद्रमौली स्टीलमध्ये भात करेल, तो चांगलाच करतो. तिला माझ्याकडून आशीर्वाद, आणि मामीनं असं का केलं ते तिला खरं सांगा. तुम्ही मला काय म्हणणार ते मी मनात सगळं म्हणून घेतलंय, तुम्ही नव्यानं काही शोधू शकणार नाही. भांडणाला सुद्धा आता जीव उरला नाही. वाईट वाटतंय, खूप वाटतंय, पण केल्याचं नाही. तुमचं मागणं मी पुरं करू शकले नाही याचं.

हे पत्र पोचलं की तुम्ही लिहिणार नाही. चालेल.

भारती

*

१२ जानेवारी

वन्सं,

काल तुमचा फोन आला तेव्हा मी दुकानाच्या पायरीवर तांदूळ निवडत बसले होते. तुमचं नाव दिसलं आणि मला वाटलं पुण्यात कुणी गेलं. तुम्ही बोललात ते ऐकताना मी निवडलेले तांदूळ परत न निवडलेल्यात ओतत बसले, आणि तुमची सवयच आहे, आपलं झालं की फोन ठेवायचा. म्हणून जे तिथं बोलायचं राहिलं ते लिहिते. स्पीड पोस्टानं टाकतेय.

शिव्यांसाठी मी सावरून बसले होते. तुम्ही विचारलंत,

"वैनी, भात पुरला का?"

इतकंच. आवाज एकदम इथला झाला होता तुमचा. पुण्याचं सगळं गळून पडलेलं, सासूबाईंसारखा, स्वयंपाकघरातून विचारल्यासारखा. मी हो म्हटलं बहुतेक. नीट सांगते आता. पुरला. उरला. तिरुवलंचुळीची अर्धी आळी जेवली. त्याच्या सायकलवाल्या दोस्तांनी परत-परत मागून घेतला. पांढराशुभ्र झाला होता, कळकला नाही. पहिलं वाढप शिवकामीनं त्याच्या नावाच्या पानावर केलं, माझ्यासमोर.

मग मी निळ्या रंगाचं सांगायला लागले तर तुम्ही म्हणालात, "रंगच ना. रंग निघतो." आणि म्हणालात, पोंगल झाला की त्याच्या पुढच्या बुधवारी येते, तपेलं कुठं पाठवू नकोस, देवळात नको, कुठंच नको, आपल्या दारातून जाईल. मी म्हटलं, अहो पण नियम. तुम्ही म्हणालात, ज्यानं मला त्यात बसवून आणलं त्याच्या जेवणानं माझ्या मुलीचं काय वाईट होणार आहे. आणि ठेवलात फोन.

रात्रभर विचार केला, तुमच्या सासरचे काय म्हणतील, व्याही काय म्हणतील, चंद्रमौलीला कळलं तर गावभर होईल. मग म्हटलं, तुमचं तुम्ही बघा. सगळ्या जगाची काळजी मी का करू? रिसॉर्टवाल्याला सांगितलंय, लग्नानंतर ये आणि बाकीचं ने. पुढची खोली रिकामी होईल. मागची चालू राहील, त्याबद्दल आल्यावर भांडू, भरपूर भांडू, मी तुम्हाला कॉफी दिल्याशिवाय मात्र नाही.

शिवकामीला लग्नाला बोलवायचं आहे का ते ठरवा. मी म्हणेन बोलवा, आणि पुढच्या दारानं.

तपेलं काल शिवकामीनं परत पाठवलं. तिनं घासून पाठवलंय, पण काठाला धूर तसाच आहे, आणि निळा रंग आहे. ते घासायला आता मणी नाही आणि माझ्या एकटीच्या हातांनी होणार नाही. टर्पेंटाइन आणून ठेवते, चिंच आदल्या रात्री भिजत घालते. तुम्ही येताना एक जुनं लुगडं घेऊन या, नेसायला. चांगली साडी खराब होईल.

भारती